रिकाम्या काट्यावर मायनस

सगळ्यांना नमस्कार. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचायचे. दुपारच्या डब्यासोबत एखादा हडळीचा किस्सा... मस्त टाइमपास. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. डहाणू रोडला स्टेशनच्या पूर्वेला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, आणि आमच्या धंद्यात आपोआप काही होत नसतं. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की आपोआप बंद पडला, आणि कीबोर्ड उघडला की आत चहा निघतो. एका बाईंनी तर सीपीयूला लिंबू-मिरची बांधून आणली होती. मी ती सोडली, रॅम पुसून परत बसवली, मशीन चालू. लिंबाचं सरबत करून प्यायले.

तर अशी मी. तोंडाची फटकळ. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डाव्या हाताने टाईप करतेय, तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नका.

जागा सांगते. चारोटी नाक्यावरून गुजरातच्या दिशेने निघालं की थोडं पुढे, सर्व्हिस रोडला लागून एक वजनकाटा आहे. नाव मुद्दाम देत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी – रस्त्याच्या पातळीत बसवलेला लांबलचक लोखंडी प्लॅटफॉर्म, खाली वजन मोजणारे लोडसेल, बाजूला पत्र्याची केबिन. ट्रक प्लॅटफॉर्मवर चढतो, केबिनमधल्या कॉम्प्युटरवर वजन येतं, पावती निघते, ट्रक उतरतो. माझा धाकटा भाऊ जयेश तिथे ऑपरेटर होता. धाकटा म्हणजे पोर नव्हे, चांगला लग्न झालेला बाप्या. सरावलीला राहतो. आधी फुग्यांच्या कारखान्यात होता, तो बंद पडला, मग बरेच दिवस घरी बसला, आणि शेवटी ही नोकरी लागली. आईवडील गेल्यापासून मला तो आणि त्याला मी, बाकी कोणी नाही. म्हणून त्याची नोकरी टिकावी याची मला त्याच्यापेक्षा जास्त काळजी.

दिवाळी झाली की आमच्याकडे गवताचा सीझन सुरू होतो. ट्रकच्या दुप्पट उंचीचं गवत भरून गाड्या काट्यावर लागतात. नेमकी त्याच वेळी काट्याच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली. जयेशचा फोन आला, "ताई, शेठ डोकं खातोय, काहीतरी कर." शेठ म्हणजे काट्याचा मालक. तेवढीच ओळख पुरे.

डिस्क बदलणं सोपं, अडचण सॉफ्टवेअरची होती. ते ज्याने बनवलं तो माणूस दुकान गुंडाळून कुठे गेला कुणालाच पत्ता नाही. सीडी नाही, सेटअप नाही. शेठ म्हणाला, "तलासरीच्या पुढे माझा जुना काटा आहे. बंद आहे, पण कॉम्प्युटर केबिनमध्येच पडलाय. त्यात हेच सॉफ्टवेअर." आमच्या पट्ट्यात हे सर्रास चालतं. एका काट्याची डिस्क जशीच्या तशी कॉपी करायची, तिला आम्ही इमेज म्हणतो, आणि दुसऱ्या काट्यावर टाकायची. मोठ्या कंपन्यांचे इंजिनीअर नाकं मुरडतील, पण सीझनमध्ये त्यांना शोधत कोण बसणार...

मी आणि जयेश माझ्या स्कूटरवरून तलासरीला गेलो. प्लॅटफॉर्म गंजलेला, आजूबाजूला कमरेएवढं रान, केबिनमध्ये पालींचा संसार. कॉम्प्युटर उचलला, दुकानात आणला, पालींची घाण पुसली आणि चालू केला तर पहिल्या फटक्यात चालू झाला. इमेज काढली, नव्या एसएसडीवर टाकली आणि चारोटीला जाऊन बसवली.

मशीन बूट होईना. याची मला अपेक्षा होतीच. कॉम्प्युटर चालू झाला की आधी एक छोटी यादी वाचतो – विंडोज कोणत्या डिस्कच्या कोणत्या भागात आहे. तिला बूट कॉन्फिगरेशन म्हणतात. इमेज दुसऱ्या डिस्कवर टाकली की ही यादी जुनाच पत्ता सांगत राहते, आणि त्या पत्त्यावर कोणी राहत नसतं. मग पेनड्राइव्हवरून मशीन चालू करायची, काळ्या खिडकीत चार कमांड मारायच्या, नवी यादी लिहायची. हे काम मी झोपेत करू शकते.

केलं. मशीन सुरू झाली, आणि स्क्रीनवर विंडोजच्या दोन एन्ट्र्या आल्या. मी एकच लिहिली होती. दुसरी तलासरीच्या जुन्या डिस्ककडे बोट दाखवत होती, आणि ती डिस्क डहाणूला माझ्या कपाटात होती.

पहिली निवडली. सगळं ठीक, रिकाम्या काट्यावर झीरो. मग सवयीने दुसरी निवडली, एरर येईल आणि उडवून टाकू म्हणून. एरर आली नाही. तेच विंडोज, तेच सॉफ्टवेअर, फक्त रिकाम्या काट्यावर वजन मायनस दाखवत होतं. मायनस साठ. आणि आकडा एका जागी राहत नव्हता. साठ, पन्नास, सत्तर, परत साठ, असा थरथरत होता.

"एक माणूस कमी आहे," जयेश म्हणाला. खिडकीतून त्याने उडी मारली आणि प्लॅटफॉर्मवर जाऊन उभा राहिला. आकडा झीरो झाला. आम्ही दोघं हसलो. तो बाहेर हात जोडून उभा, मी आत हसतेय... ते हसणं आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मायनसचं कारण मला ठाऊक होतं. प्लॅटफॉर्मवर चिखल बसतो, पाणी साचतं. त्याचं वजन गाडीच्या वजनात धरलं जाऊ नये म्हणून ऑपरेटर झीरोचं बटण दाबतो, म्हणजे आत्ता जे काही पडलंय ते सोडून मोज. तलासरीला कोणीतरी काहीतरी वर पडलेलं असताना झीरो दाबला असणार आणि ती सेटिंग इमेजबरोबर आली असणार. इथपर्यंत माझ्या अकलेत बसत होतं. एकाच डिस्कवरचं एकच विंडोज दोन दारांनी गेल्यावर दोन वेगळी वजनं कशी दाखवतं, हे बसत नव्हतं.

दुसरी एन्ट्री मी डिलीट केली. मशीन बूट व्हायची बंद झाली. परत रिपेअर केलं, परत दोन. पहिली डीफॉल्ट केली, म्हणजे कोणी काही न दाबता मशीन तीच उघडेल. पण लाइट गेली आणि आली की डीफॉल्ट पुन्हा दुसरी. माझं डोकं फिरलं. बाहेर गवताच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. शेवटी जयेशला म्हटलं, "हे बघ, चालू करताना वरचा ॲरो दाबायचा आणि पहिली घ्यायची. सीझन संपला की मी सगळं नव्याने करते." तो म्हणाला, "डन." मी घरी गेले.

काही दिवसांनी त्याचा फोन. कुत्री मेली. काट्यावर एक पिवळी कुत्री असायची, गाड्या नसल्या की प्लॅटफॉर्मवर ऊन खात पडायची. जयेश तिला रोज बिस्किट घालायचा. लाइट जाऊन आली, तो पंपावर पाणी भरायला गेला होता, मशीन स्वतःच दुसऱ्या एन्ट्रीतून सुरू झाली. परत येताना त्याने पाहिलं की कुत्री उभी राहायला बघतेय आणि दर वेळी फेकल्यासारखी आडवी पडतेय. कोणी लाथ घालावी तशी. आसपास कोणी नाही. तो धावत पोचेपर्यंत तिची पाठ मोडली होती आणि तोंडातून रक्त येत होतं.

"गाडीखाली आली असेल," मी म्हटलं.

"ताई, गाडीच नव्हती ना."

"मग विष खाल्लं असेल. विषाने झटके येतात."

मी म्हटलेलं मलाही पटलं नव्हतं, पण फोनवर कबूल कोण करणार.

त्यानंतरचं प्रकरण मोठं झालं. पुन्हा लाइट गेली, आली. जयेश पावत्यांचा कागद बदलत होता, ॲरो दाबायचा राहिला. एक ट्रक प्लॅटफॉर्मवर चढला. ड्रायव्हर खाली उतरून टायर बघायला वाकला, आणि मागून कोणीतरी कानशिलात हाणल्यासारखा तोंडावर आपटला. नाक फुटलं. उठून बघतो तर मागे हमालांच्या मुकादमाचा माणूस उभा, पाच-सहा हातांवर. ड्रायव्हरला वाटलं यानेच मारलं. त्याने ट्रकच्या केबिनमधून टायर खोलायची लोखंडी टॉमी काढली आणि त्या बिचाऱ्याच्या डोक्यात घातली. मग गवताचे हमाल धावून आले. ड्रायव्हरला खाली पाडून त्यांनी तुडवला. जयेश मधे पडला, त्याचा शर्ट फाटला, ओठ फाटला. पोलीस येईपर्यंत प्लॅटफॉर्मवर एवढं रक्त होतं की शेठने होजपाइप लावून धुवून घेतलं.

संध्याकाळी जयेश माझ्याकडे आला. ओठ सुजलेला. "ताई, ती दुसरी एन्ट्री चालू होती. मारामारीच्या वेळी मी स्क्रीन बघितली नाही, पण आधी बघितली होती. मायनस थरथरत होता."

"नोकरी सोड," मी म्हटलं.

"आणि खाऊ काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून मी त्याच्यासोबत काट्यावर गेले. ठरवून गेले होते की डिस्क पुसायची, विंडोज नव्याने टाकायचं आणि सॉफ्टवेअरच्या फाइल्स हाताने एकेक करून आणायच्या. शेठ ओरडला तर ओरडू दे.

दुपारचं टळटळीत ऊन होतं. एक गवताची गाडी लाइनीत उभी होती, तिचा ड्रायव्हर सावलीला बसून तंबाखू मळत होता. मी केबिनमध्ये फाइल्स कॉपी करत होते. जयेश झाडू घेऊन प्लॅटफॉर्मवर पडलेलं गवत लोटत होता. तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस केव्हाच मेलेला. मी शिवी हासडली. मिनिटभरात लाइट आली, मशीन स्वतःहून सुरू झाली, आणि मी पेनड्राइव्ह शोधायला पर्समध्ये हात घातला होता. मान वर केली तेव्हा दुसरी एन्ट्री लोड होऊन सॉफ्टवेअर उघडलं होतं.

आकडा झीरो. प्लॅटफॉर्मवर जयेश होता ना, म्हणून झीरो.

मग आकडा वाढला. सत्तर. दीडशे. अडीचशेच्या आसपास. जसा एकेक माणूस वर चढत जावा तसा. मी खिडकीतून पाहिलं, प्लॅटफॉर्मवर एकटा जयेश, हातात झाडू. परत स्क्रीनकडे बघितलं तर आकड्याने उडी मारली. वर जाऊन खाली. पुन्हा वर. आणि बाहेरून आवाज आला, ओल्या गोणीवर काठी मारल्याचा.

जयेश गुडघ्यावर बसला होता. झाडू लांब पडला होता. त्याने हात डोक्यावर घेतले तोच त्याचा उजवा हात बाजूला फेकला गेला, आणि पुढच्या फटक्याला त्याचा जबडा सरकलेला मी डोळ्यांनी पाहिला. तोंड वाकडं झालं. तो ओरडायला गेला आणि रक्त बाहेर आलं. मारणारं कोणी नव्हतं. ऊन, लोखंड आणि माझा भाऊ.

मी मशीनचा प्लग उपटला. मला वाटलं होतं मशीन बंद झाली की थांबेल. स्क्रीन काळी झाली. बाहेरचा आवाज थांबला नाही.

मग मी धावले. त्याच्या काखेत हात घातले आणि ओढायला लागले. जयेश काही फार वजनदार नाही, लहानपणी मी त्याला पाठुंगळी घेऊन बांधावरून धावले आहे. पण तो हलेना. माझ्या पाठीत लाथ बसली. कोणाची विचारू नका. मी त्याच्यावर वाकले, हात आडवा घातला, आणि हातावर असं काही आदळलं की हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. मी त्या क्षणी किंचाळत काय होते तर शिव्या. आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या शिव्या त्या रिकाम्या हवेला घातल्या. एका हाताने त्याची कॉलर धरली, टाच रोवली आणि ओढलं. एकट्या जयेशला ओढत नव्हते मी, हे मला तेव्हाच कळत होतं. दोन माणसांचं वजन होतं. कोणीतरी त्याचा पाय धरून मागून घसटत येत होतं.

प्लॅटफॉर्मच्या कडेवरून आम्ही मातीत पडलो आणि सगळं थांबलं.

तो ड्रायव्हर धावत आला होता, पण लोखंडावर पाय ठेवायची त्याची हिंमत झाली नव्हती. "मॅडम, कौन मार रहा था इसको?" तो सारखा हेच विचारत होता. त्यानेच कुणाची तरी गाडी थांबवली आणि आम्हाला वापीला पोचवलं.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. बरगड्या. डाव्या कानाचा पडदा. रात्रभर डॉक्टर काही बोलत नव्हते, आणि जयेशची बायको माझ्या खांद्यावर डोकं ठेवून एकच विचारत होती, "ताई, कोणी केलं?" तिसऱ्या दिवशी तो धोक्याबाहेर आहे असं सांगितलं, तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मोठ्याने रडले. डॉक्टरांच्या मते त्याला लोखंडी सळईने मारलं होतं, आणि मारणारे एकापेक्षा जास्त होते. त्याच्या डाव्या घोट्यावर बोटांचे काळेनिळे वळ होते, कोणीतरी जिवाच्या आकांताने धरल्यासारखे. पोलिसांनी माझा जबाब घेतला, ड्रायव्हरचा घेतला. दोन्ही जबाब एकच होते, मारणारा दिसला नाही. त्यांनी तरी पुढे काय करावं.

जबडा तारेने बांधला होता. जयेश दातांच्या फटीतून बोलायचा, मी कान त्याच्या तोंडाशी न्यायचे. त्याने जे सांगितलं ते असं. त्याला ती माणसं दिसत होती. चार जण. एकाच्या हातात टॉमी. आणि बाजूला शेठ उभा, पांढऱ्या सफारीत. "त्याने हात लावला नाही, ताई. नुसता उभा होता. मिशी होती त्याला. जाड."

"आपल्या शेठला कुठे मिशी आहे?"

"नाही ना. पण तोच होता."

मी म्हटलं, डोक्याला मार लागलाय, बोलू नकोस.

दोन दिवसांनी शेठ भेटायला आला. चिकूंची पिशवी, चेहऱ्यावर काळजी. "कसं वाटतंय रे? लवकर बरा हो. काटा तुझ्यावाचून अडलाय." जयेश त्याच्याकडे बघत राहिला. मग दातांतून, पण स्पष्ट, म्हणाला, "शेठ, मिशी कधी काढली?"

शेठचा हात पिशवीवरच राहिला. इतका घाम मी कुणाला एसीत आलेला पाहिला नाही. "कोणी सांगितलं तुला?" तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं. "ती जुनी डिस्क तुमच्याकडेच आहे ना? ती मला आणून द्या." आणि पिशवी तिथेच टाकून निघून गेला.

मी डिस्क दिली नाही. मी तलासरीला गेले.

जुन्या काट्याचा ऑपरेटर शोधायला वेळ लागला नाही. रमणभाई म्हणतात त्याला, आता नाक्याजवळ उसाच्या रसाची गाडी लावतो. मी जुन्या काट्याचं नाव काढताच तो म्हणाला, "बेन, जुनी गोष्ट हाय, जाऊ द्या ना." मी प्लास्टरचा हात त्याच्या काउंटरवर ठेवला आणि भावाचं सगळं सांगितलं. तो ऊस चरकात घालत राहिला. मग न थांबता, माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"क्लीनर होता एका गाडीचा. भरलेली गाडी तोलायला आणली, वजन जास्त यावं म्हणून ह्याला ताडपत्रीखाली लपवला होता. ड्रायव्हरनेच लपवला असणार, तो काय स्वतः लपतो? पकडला. ड्रायव्हर गाडी घेऊन पळाला. हा एकटा राहिला. शेठच्या माणसांनी धरला अन् प्लेटवरच मारला."

"शेठ?"

"उभा होता. तवा मिशी ठेवायचा मोठी." चरकातून चोथा पडला, त्याने तो पायाने सरकवला. "मागे गाड्यांची लाइन लागली होती. तो पडलेला, कडेला. शेठ बोल्ला, बाजूने जातात गाड्या, टाइम घालवू नको. झीरो मार आणि पुढची घे. मी झीरो मारला."

"तो प्लॅटफॉर्मवर असताना?"

"माझं काम ते. मी नसता मारला तर मला मारला असता." ग्लास भरून त्याने माझ्यापुढे सरकवला. "पुढची गाडी चढवली. पण आकडा ठरत नव्हता बेन. वर-खाली, वर-खाली. वजन ठरल्याबिगर पावती निघत नाय. तो हालत होता ना. पाय हालवत होता. मग थांबलो आम्ही."

"कशासाठी थांबलात?"

"आकडा ठरायसाठी."

"मग?"

"मग ठरला," रमणभाई म्हणाला. "पावती काढली."

त्या माणसाचं नाव काय, कुठला होता, नंतर त्याला कुठे नेलं – रमणभाईला काहीच माहीत नाही, किंवा तो सांगत नाही. क्लीनरला नाव कोण विचारतो, असं म्हणाला. पोलिसांपुढे बोलशील का विचारलं तर गाडीवर ताडपत्री ओढायला लागला. ग्लासातला रस मी गटारात ओतला. मी स्वतः चौकीत जाऊन सगळं सांगून आले आहे. त्यांनी ऐकून घेतलं, जबाबात लिहून घेतलं. प्रेत नाही, नाव नाही, तक्रार करणारं नातेवाईक नाही. बघू.

काट्यावरही एकदा गेले, माझी पर्स आणि पेनड्राइव्ह आणायला. मशीन चालू केली. बूट मेन्यू आलाच नाही. एकच एन्ट्री, माझी. रिकाम्या काट्यावर झीरो, ठाम. मी तिथे बराच वेळ बसले, लाइट बंद-चालू करून पाहिली. दुसरी एन्ट्री परत आली नाही. मी जे ओढून बाहेर काढलं त्यात जयेश होता आणि आणखी कोण होतं, ते तुम्ही ठरवा. मी ठरवलेलं आहे, पण सांगायला लाज वाटते, इतकी वर्षं हसले ना तुमच्यावर.

जयेश घरी आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पातळ भात खातो. माझ्या दुकानात बसायला लागेल पुढच्या महिन्यापासून, मी विचारलं नाही, सांगितलं.

आता इथले टेक्निकल लोक कॉमेंटमध्ये मला बूटलोडर समजावतील. समजावा. मलाही येतो. मला अडलंय ते वेगळंच. शेठ रोज हायवेच्या बाजूला गाडी लावायचा आणि प्लॅटफॉर्मवरून चालत केबिनमध्ये यायचा. ज्या दिवशी कुत्री मेली, त्या दिवशी मशीन पुन्हा सुरू करायच्या आधी तो आला होता. दुसरी एन्ट्री चालू असताना मधोमध उभा राहून त्याने आरामात फोनवर गप्पा मारल्या. मुकं जनावर मेलं, एक परका ड्रायव्हर फुटला, माझा भाऊ मरता मरता वाचला. आणि ज्याने झीरो मारायला सांगितलं त्याच्या सफारीला सुरकुतीसुद्धा पडली नाही. हे कसं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि मला ते स्पष्टीकरण नाही याचा भयंकर राग येतो.

मी जयेशला विचारलं, शेठ वर उभा होता तेव्हा तू स्क्रीन बघितली होतीस का. तो हो म्हणाला. इतर वेळी आकडा सारखा थरथरायचा, पण त्या दिवशी शेठने पाय ठेवला आणि एकदम स्थिर झाला. शेठ उतरेपर्यंत हलला नाही.

"घाबरत असेल तो शेठला," जयेश म्हणाला. "अजून."